विश्वचषक आणि घरची माणसे

२०२५ च्या नोव्हेंबर महिन्यातील पहिल्या रविवारी नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर महिलांच्या एकदिवसीय विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, भारताने दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनी पराभव केला, आणि २००५ व २०१७ या दोन्ही साली अंतिम फेरीपर्यंत येऊन जो चषक हातून निसटला होता, तो अखेर आपल्या मुलींच्या स्वाधीन झाला. या विजयाचे वर्णन आजवर पुष्कळ झाले आहे, आणि जितके झाले तितके थोडेच आहे. त्या रात्री प्रेक्षागारात बसलेल्या ३९ हजारांहून अधिक माणसांविषयी मात्र फारसे कोणी लिहिले नाही. या स्पर्धेने आपल्या भागातील नगरजीवनाला जे काही नवे दिले, त्याचा मोठा अंश माझ्या मते त्या माणसांच्या मेळाव्यात होता. आजी, आई, बाप, आत्या, शाळकरी मुली, कडेवरची पोरे असा घरचा सगळा परिवार आंतरराष्ट्रीय सामन्याला एकत्र लोटलेला मी तरी या शहरात पूर्वी पाहिला नव्हता. हा परिवार तेथे कशामुळे येऊ शकला आणि पुढील वेळी त्याला येता येईल की नाही, हा प्रश्न मला गंभीर वाटतो, आणि विजयाचा आनंद ताजा आहे तोवरच त्याचा निकाल लावून घेतला पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या घरातील क्रिकेटचा इतिहास मुंबईतील बहुसंख्य मराठी घरांतील इतिहासाहून निराळा नाही. माझे वडील गिरगावात राहत, एका सरकारी कचेरीत कारकून होते, आणि ब्रेबोर्न क्रीडांगणावर कसोटी सामना ठरला की रजेचा अर्ज कितीतरी आधी साहेबांच्या मेजावर नेऊन ठेवीत. १९७३ च्या फेब्रुवारीत इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत विश्वनाथने शतक पुरे केले, तेव्हा प्रतिपक्षाच्या सहा फुटांहून उंच टोनी ग्रेगने त्याला चक्क उचलून घेतले. ते दृश्य वडिलांनी प्रत्यक्ष पाहिले होते आणि आयुष्यभर ते सांगत राहिले. आईने ती हकिकत इतक्या वेळा ऐकली की तिलाही ती पाठ झाली. परंतु ज्या मैदानावर ती घडली त्या मैदानाच्या आत तिने कधीही पाऊल टाकले नव्हते. पहाटे उठून पोळ्या लाटणे, बटाट्याची सुकी भाजी करणे, डबा फडक्यात बांधून देणे हा तिचा वाटा होता. तिकीट मात्र वडिलांचे आणि त्यांच्या कचेरीतील स्नेह्यांचे असे. यात कोणी तिच्यावर जुलूम केला, असे मी म्हणणार नाही, आणि तीही तसे कधी म्हणाली नाही. कोणाच्या तरी ओळखीने, कोणाच्या तरी वशिल्याने घरात तिकीट यायचे ते एकच, आणि ज्या घरात एकच तिकीट येते त्या घरात ते कोणाच्या खिशात जायचे हे रूढीने आधीच ठरवून ठेवलेले असते. दुर्मिळतेचा हा धर्म नीट ध्यानात घेतला पाहिजे. स्त्रियांना, मुलांना, वृद्धांना क्रीडांगणाबाहेर ठेवण्यासाठी कोणालाही हुकूम काढावा लागला नाही; जागा कमी आणि मागणी अफाट असली म्हणजे ते काम आपोआप होत असे, आणि आजही होते.

या मुंबईत तिकिटांचा तंटा नवा नाही. किंबहुना वानखेडे क्रीडांगणाचा जन्मच मुळी त्या तंट्यातून झाला. ब्रेबोर्न ही क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची मिळकत. तेथील कसोटी सामन्यांच्या वेळी मुंबई क्रिकेट संघटनेच्या वाट्याला किती जागा याव्यात, यावरून त्या दोन संस्थांमध्ये वर्षानुवर्षे खडाजंगी चाले. अखेर संघटनेचे अध्यक्ष बॅरिस्टर शेषराव वानखेडे, जे त्या काळी विधानसभेचेही अध्यक्ष होते, यांनी हाकेच्या अंतरावर स्वतंत्र क्रीडांगण उभारण्याचा निर्धार केला, तो विलक्षण वेगाने तडीस नेला, आणि १९७५ च्या जानेवारीत वेस्ट इंडीजविरुद्धची कसोटी नव्या मैदानावर खेळली गेली. क्लाइव्ह लॉइडने त्या सामन्यात नाबाद २४२ धावा काढल्या. तिकिटांवरून भांडण झाले म्हणून एका महानगराने आपले प्रमुख क्रीडांगण बदलावे, ही घटना क्रीडेच्या इतिहासात विरळाच म्हणावी लागेल, आणि तिकीट ही वस्तू या शहरात किती मोलाची आहे याची तिच्याहून बोलकी साक्ष मला ठाऊक नाही.

परंतु नव्या क्रीडांगणाने सामान्य कुटुंबाचा प्रश्न सोडविला काय? २ एप्रिल २०११ रोजी पुरुषांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना वानखेडेवर झाला, धोनीने षटकार मारून तो संपविला, आणि त्या रात्री मरीन ड्राइव्हवर जो जनसागर उसळला तो आम्ही सर्वांनी पाहिला. नूतनीकरणानंतर त्या क्रीडांगणाची क्षमता सुमारे ३३ हजारांवर आली होती. त्यांपैकी सर्वसामान्य जनतेला विकत घेता येतील अशी तिकिटे होती सुमारे ४ हजार. उरलेला फार मोठा भाग संघटनेशी संलग्न क्लब, आंतरराष्ट्रीय परिषद, प्रायोजक आणि मान्यवर मंडळी यांच्यात आधीच वाटला गेला होता. जगातील सर्वांत मोठ्या क्रिकेट-उत्सवाचे यजमानपद मुंबईकडे आले खरे; तथापि मुंबईतील बहुतेक घरांनी तो उत्सव रस्त्यावर साजरा केला. दादरच्या किंवा चेंबूरच्या एखाद्या शिक्षकाने आपल्या पत्नीला व दोन मुलांना घेऊन त्या सामन्याला जावे ही कल्पनाही त्या वेळी कोणी मनात आणली नसेल.

महिलांच्या क्रिकेटची वाटचाल याच्या अगदी उलट दिशेने झाली. तेथे जागांची वाण कधीच नव्हती. वाण होती ती पाहणाऱ्यांची. १९७३ साली पुण्यात महिलांची पहिली आंतरराज्य स्पर्धा भरली तेव्हा मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे अवघे तीन संघ आले होते. पुढे डायना एडलजी, शांता रंगास्वामी यांच्या पिढीने रेल्वेच्या अनारक्षित डब्यांतून प्रवास करून, वसतिगृहांच्या जमिनीवर अंथरुणे टाकून हा खेळ जिवंत ठेवला. २००६ पर्यंत तर भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने त्यांचा कारभार आपल्याकडे घेतलेलाही नव्हता. २०१३ साली महिलांचा विश्वचषक मुंबईत आला त्या वेळची एक गोष्ट विसरण्याजोगी नाही. वानखेडे क्रीडांगण त्या स्पर्धेसाठी ठरले होते. परंतु मुंबईचा पुरुष संघ रणजी करंडकाच्या अंतिम फेरीत पोहोचला, तो सामना वानखेडेवर खेळविण्याचे ठरले, आणि जागतिक स्पर्धेतील महिलांचे सामने दुसऱ्या मैदानांवर हलविण्यात आले. मुंबईने तो रणजी करंडक जिंकला, चाळिसाव्यांदा जिंकला, आणि मुंबईकर म्हणून मला त्याचा आनंदही झाला. पण देशांतर्गत सामन्यासाठी विश्वचषकाने बाजूला सरावे, हा निर्णय त्या वेळी कोणाला फारसा खटकला नाही, याची आज मनाला टोचणी लागते. त्या वर्षीचा अंतिम सामना ब्रेबोर्नवर ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडीज यांच्यात झाला. आपला संघ साखळीतच बाद झाला होता.

मग अवघ्या बारा वर्षांत असे काय घडले की तीच स्पर्धा खाडीपलीकडे आली आणि क्रीडांगण काठोकाठ भरले? खेळाडूंचे कर्तृत्व हे पहिले कारण, यात शंका नाही. दुसरे कारण मात्र साधे आणि व्यावहारिक आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही: दार उघडे ठेवण्यात आले. २०२२ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियाचा महिला संघ डी. वाय. पाटीलवर खेळला तेव्हा प्रवेश विनामूल्य होता, आणि ज्या सामन्याचा निकाल सुपर ओव्हरमध्ये लागला त्याला ४५ हजारांवर माणसे जमली. पुढील मार्चमध्ये महिलांच्या प्रीमियर लीगचा पहिला हंगाम मुंबई आणि नवी मुंबईत झाला, त्या वेळी स्त्रिया व मुलींकडून प्रवेशमूल्य घेतले गेले नाही. २०२५ च्या विश्वचषकाची साखळी सामन्यांची तिकिटे १०० रुपयांपासून मिळत होती. शंभर रुपयांत आज सिनेमाच्या मध्यंतरातील खाणेही होत नाही. अशा दराने तिकीट मिळू लागले म्हणजे घरातील कर्ता पुरुष एकट्याच्या जागेचा विचार करीत नाही. सात जणांचा करतो, आणि शेजारच्या बिऱ्हाडातील मुलीलाही बरोबर घेतो. अंतिम सामन्याला जो समुदाय लोटला तो त्या एका रात्रीत निर्माण झाला नव्हता; त्याची पेरणी तीन वर्षे चालली होती.

आमचे स्वतःचेच उदाहरण सांगतो. गेली पुष्कळ वर्षे आम्ही वाशीत राहतो. २३ ऑक्टोबरला, नेमक्या भाऊबीजेच्या दिवशी, भारत आणि न्यूझीलंड यांचा सामना नेरूळला होता. माझी बहीण ओवाळायला आली होती. तिचे निरांजन, करंज्या, ओवाळणी हे सर्व सकाळीच आटोपून दुपारी ती, तिची मुले, माझी पत्नी, मुलगी आणि आमची आई असे सर्वजण मैदानावर गेलो. आई आता सत्तरी कधीच ओलांडून गेली आहे. माहेरची ती मिरजेची. स्मृती मानधना सांगलीची, एवढे एकच सूत्र तिला पुरेसे होते. डावाच्या आरंभापासून ती त्या मुलीचा प्रत्येक फटका अशा आपलेपणाने पाहत होती की जणू तिच्या वाड्यातीलच कोणी परीक्षेला बसले आहे. स्मृतीने १०९ धावा केल्या, प्रतीका रावलने १२२, भारताने तो सामना जिंकला आणि उपांत्य फेरीतील जागा निश्चित केली. माझी मुलगी मधूनच आजीला क्षेत्ररक्षणाच्या जागा समजावून देत होती आणि आजी तिला, विश्वनाथला ग्रेगने उचलले ती गोष्ट सांगत होती. वडिलांकडून ऐकलेली ती हकिकत आईने दुसऱ्या कोणाला सांगितल्याचे मी त्यापूर्वी ऐकले नव्हते. ऐकणारी नात तिच्या बाजूच्या खुर्चीवर बसलेली असल्यामुळेच ती तिच्या तोंडी आली. हे दूरचित्रवाणीपुढे घडले नसते.

आणि येथे तो नेहमीचा आक्षेप येतो, की घरबसल्या सामना अधिक चांगला दिसत असता एवढी यातायात कशासाठी? चेंडू अधिक चांगला दिसतो, हे मी मान्य करतो. परंतु क्रीडांगणात बसलेल्या मुलाला जे दिसते त्यातले पुष्कळसे पडद्यावर येतच नाही. दोन चेंडूंच्या मधल्या वेळात कर्णधार कोणाला कोठे हलविते, सीमारेषेवर उभी असलेली खेळाडू प्रेक्षकांकडे पाठ फिरवून एकाग्रता कशी राखते, चेंडू आपल्याकडे येत नसतानाही प्रत्येक मुलगी प्रत्येक वेळी दोन पावले पुढे कशी येते, हे सारे श्रम मैदानावरच दिसतात, आणि खेळाडू होऊ पाहणाऱ्या मुलीला शिकण्यासारखे तेच असते. अंतिम सामन्यात लॉरा वोल्वार्ट शतक झळकावून एकटीच्या बळावर सामना फिरवू पाहत असता तिचा उंच झेल अमनजोत कौरच्या हातून दोनदा उसळला आणि तिसऱ्या प्रयत्नात स्थिरावला. त्या दोन-तीन क्षणांत एवढ्या मोठ्या समुदायाचा श्वास एकदम कसा रोखला जातो आणि एकदम कसा सुटतो, हे शब्दांत सांगता येत नाही, आणि ज्या वयात ते अनुभवले जाते त्या वयात ते मनावर कायमचे उमटते. त्या संध्याकाळी सामन्याच्या आधी दोन तास पाऊस होता. दोन तास कोणीही जागचे हलले नाही. मैदानावरचे कर्मचारी आच्छादने ओढीत होते, पाणी उपसत होते, आणि प्रत्येक वेळी आच्छादन मागे सरले की त्या कामगारांसाठी टाळ्या पडत होत्या. क्रीडांगणातील कामगाराला टाळी देण्याचा संस्कार मुलांवर घरात बसून कसा होणार?

नवी मुंबईच्या बाबतीत या प्रसंगाला आणखी एक अर्थ आहे. हे शहर १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने ९५ गावांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर आखले. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या आगरी-कोळी कुटुंबांना न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली दीर्घ लढा द्यावा लागला, आणि १९८४ च्या जासईच्या गोळीबारात त्यांच्यातील माणसांचे प्राणही गेले. त्यानंतर देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे येथे राहावयास आली, प्रत्येकाने आपापल्या गावाच्या आठवणी बरोबर आणल्या, परंतु सर्वांची मिळून अशी एकही आठवण या शहराजवळ नव्हती. मुंबईला १९७१ च्या विजयी संघाची मिरवणूक आठवते, पुण्याला १९९६ साली नेहरू स्टेडियमवर केनियाने वेस्ट इंडीजला हरविले तो दिवस आठवतो. मानधनाच्या, जेमायमा रॉड्रिग्जच्या, शेफाली वर्माच्या खेळींनी नेरूळच्या माणसाला, मग तो सारसोळे गावचा मूळ रहिवासी असो की गेल्याच वर्षी आलेला भाडेकरू, पहिल्यांदाच सामाईक आठवण दिली. ३० ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना जेमायमाने नाबाद १२७ धावा काढल्या तेव्हा मी कोठे होतो, हे सांगणारी माणसे पुढील पन्नास वर्षे या शहरात भेटतील. त्यांच्यापैकी अनेकांना ‘मी तेथेच होतो’ असे म्हणता यावे, ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

माझी चिंता आता सांगतो. विजयाने महिलांच्या क्रिकेटचा भाव वाढला आहे आणि तो वाढलाच पाहिजे. ज्या खेळाडूंनी इतकी वर्षे उपेक्षा सोसली त्यांच्या पदरी द्रव्य पडावे यासारखे समाधान नाही. परंतु भाव वाढला की वाटप सुरू होते, वाटप सुरू झाले की राखीव जागा निघतात, आणि राखीव जागा वाढत वाढत एक दिवस सामान्य विक्रीची खिडकी नावापुरती उरते. पुरुषांच्या क्रिकेटने हा सारा प्रवास आपल्या डोळ्यांदेखत केला आहे. ज्या आजी, मावश्या आणि शाळकरी मुलींनी रिकामी प्रेक्षागारे भरून या खेळाची किंमत जगाला दाखवून दिली, त्यांनाच वाढलेल्या किमतीमुळे बाहेर उभे राहावे लागले, तर तो मोठा अन्याय होईल, आणि असले अन्याय कोणी हेतुपुरस्सर करीत नसल्यामुळे त्यांच्याविरुद्ध तक्रार करण्यास ठिकाणही सापडत नाही.

संलग्न क्लबांचा तिकिटांवर हक्क नाही असे मी म्हणत नाही. आझाद मैदानावर, क्रॉस मैदानावर, शिवाजी पार्कवर भर पावसाळ्यात कांगा लीगचे सामने चालतात ते या क्लबांच्या बिनपगारी चिटणिसांच्या जिवावर; खेळपट्ट्यांची निगा राखणारे, मुलांना किट पुरविणारे, पंचांच्या चहाचा खर्च स्वतः सोसणारे हेच लोक आहेत, आणि मोठ्या सामन्याच्या वेळी त्यांची आठवण ठेवणे हे संघटनेचे कर्तव्यच आहे. प्रायोजकांच्या पैशावाचून स्पर्धा होत नाहीत, हेही मला समजते. प्रश्न प्रमाणाचा आहे आणि उघडेपणाचा आहे. एकूण जागा किती, त्यांपैकी कोणाला किती दिल्या, जनतेसाठी किती उरल्या, हा हिशेब सामन्यापूर्वी प्रसिद्ध झाला तर निम्म्याहून अधिक असंतोष तेथेच शमेल. सध्या हा आकडा चौकशी समित्यांच्या दप्तरात, नाही तर वर्तमानपत्रांच्या शोधवृत्तात सापडतो. तो तिकीटविक्रीच्या जाहिरातीतच असावयास हवा.

असा हिशेब मागण्याचा नागरिकांना अधिकार आहे काय, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की सामन्याची व्यवस्था केवळ संघटनेच्या पैशावर होत नाही. रस्ते शहराचे, रेल्वे जनतेची, पाणीपुरवठा व कचरा महानगरपालिकेचा, आणि बंदोबस्त पोलिसांचा. क्रिकेट सामन्यांच्या बंदोबस्ताचे शुल्क आणि त्याची थकबाकी यांवरून महाराष्ट्रात बराच वाद झाला. राज्य सरकारने ते शुल्क मोठ्या प्रमाणात कमी केले आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. सरकारी खजिन्याने सवलत द्यावयाची असेल तर खुशाल द्यावी, मी तिच्या विरुद्ध नाही. परंतु तिचा मोबदला सार्वजनिक स्वरूपाचा असावा. जेवढी सवलत, तेवढ्या प्रमाणात स्वस्त दराच्या जागा जनतेसाठी, आणि त्यांतील एक निश्चित भाग महानगरपालिकेच्या व जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलामुलींसाठी त्यांच्या पालकांसह राखलेला, अशी अट परवान्यातच घालता येईल.

सुरक्षिततेविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे, कारण हा विश्वचषक नवी मुंबईत आला तोच एका शोकांतिकेमागून. ४ जून २०२५ रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी क्रीडांगणाबाहेर विजयोत्सवाच्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन ११ माणसे मृत्युमुखी पडली; त्यानंतर तेथे ठरलेले सामने काढून घेण्यात आले आणि नेरूळची निवड झाली. मरण पावलेल्यांत बहुतेक तरुण होते, एक तर शाळकरी मुलगी होती. त्यांच्या आईबापांचे काय झाले असेल याचा विचार मनात आल्यावाचून मला अंतिम सामन्याच्या दिवशी महाद्वारातून मुलीचा हात धरून आत जाता आले नाही. कुटुंबाला सामन्याला बोलवायचे तर गर्दीची आखणी धडधाकट तरुणाच्या मापाने करून चालत नाही. कडेवर मूल असलेली स्त्री आणि काठी टेकणारी आजी ज्या वेगाने चालतात तो वेग प्रमाण मानून दारांची रुंदी, रांगांची वळणे आणि जिन्यांवरील दिवे ठरवावे लागतात. स्त्रियांची स्वच्छतागृहे पुरुषांच्या बरोबरीने असली तरी ती अपुरी पडतात, हे कोणत्याही गृहिणीला विचारले तर ती सांगेल. निम्मा प्रेक्षकवर्ग स्त्रियांचा असेल तेथे ती दुप्पट लागतात. बाटल्या व डबे आत नेण्यास मज्जाव असतो, त्यामागील कारण मला पटते. परंतु मग पिण्याचे पाणी प्रत्येक मजल्यावर फुकट आणि मुबलक मिळाले पाहिजे, आणि तान्ह्या मुलाचे दूध किंवा मधुमेह्याची दोन बिस्किटे दारात काढून घेतली जाऊ नयेत.

सर्वांत अधिक दुर्लक्षित विषय घरी परतण्याचा. अंतिम सामना तीनऐवजी पाचला सुरू झाला आणि हरमनप्रीतने मागे धावत जाऊन शेवटचा झेल घेतला तेव्हा मध्यरात्र होत आली होती. आम्हाला वाशीला जावयाचे होते, नेरूळहून तिसरे स्थानक. आमचे काही अडले नाही. परंतु आमच्या रांगेत डोंबिवलीचे एक कुटुंब होते, झोपलेल्या लहान मुलीला खांद्यावर टाकलेले, आणि त्यांना ठाण्याला जाऊन गाडी बदलावयाची होती. दिवस-रात्रीचा सामना उशिरा संपू शकतो, पावसाने आणखी लांबतो, त्यातून रविवारचा मेगाब्लॉक हा तर आपल्या उपनगरांचा साप्ताहिक नेम. सामन्याचे वेळापत्रक कितीतरी महिने आधी जाहीर होते. तेव्हा हार्बर आणि ट्रान्स-हार्बर या दोन्ही मार्गांवर सामना संपल्यानंतरच्या दीड-दोन तासांसाठी जादा गाड्या राखून ठेवणे, जुईनगर व नेरूळ या दोन्ही स्थानकांकडे जाणारे पायरस्ते उजळलेले आणि फेरीवाल्यांपासून मोकळे ठेवणे, शीव-पनवेल महामार्गाकडील बाजूस बसगाड्यांचा थांबा ठरवून देणे, यात अशक्य असे काहीच नाही. गणेशविसर्जनाच्या रात्री हीच यंत्रणा हीच कामे दर वर्षी करते.

म्हणून माझी विनंती आहे ती महानगरपालिकेला, पोलीस आयुक्तालयाला, रेल्वेच्या विभागीय कचेरीला आणि क्रीडा-संघटनांना मिळून आहे. पुढील आंतरराष्ट्रीय सामन्याची दरखास्त येईल तेव्हा तिच्याबरोबर तीन कागद मागून घ्यावेत: जागावाटपाचा तक्ता, सर्वांत कमी दराच्या तिकिटांची संख्या व विक्रीची तारीख, आणि सामना लांबला तर प्रेक्षकांनी घरी कसे जावयाचे याची लेखी योजना. हे तिन्ही कागद मराठीत, महानगरपालिकेच्या प्रत्येक विभाग कार्यालयाच्या फलकावर, तिकीटविक्रीपूर्वी किमान पंधरा दिवस लावलेले असावेत, आणि ते लागले नसतील तर सामन्याचा परवाना रोखून धरण्याचा अधिकार आयुक्तांनी वापरावा.